मस्टँग : नवे रूप, जुना वाद

रविवारी सकाळी वरळी सी-फेसवर एका स्नेह्यांच्या सहाव्या पिढीच्या फोर्ड मस्टँग या अमेरिकी स्पोर्ट्स कारभोवती उभे राहून आम्ही तासभर वाद घातला. १९६४ पासूनची ओळख असलेले लांब बॉनेट, आखूड पाठ आणि मागचे तीन-तीन उभे दिवे कायम आहेत. तरीही छताचा उतार इतका निमुळता झाला आहे की, जुन्या चाहत्यांना ती युरोपीय वाटते. मला हा आक्षेप पटत नाही. मागचा अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा) जाऊन प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन (धक्के शोषणारी यंत्रणा) आल्यामुळे खडबडीत वळणावर गाडी अधिक स्थिर राहते, आणि कारखान्यातूनच उजवीकडे स्टिअरिंग मिळाल्यामुळे २०१६ मध्ये ती भारतात अधिकृतपणे विक्रीस आली. मागची आसने मात्र नावापुरतीच. तिथे पिशवी ठेवावी, माणूस नव्हे.