थोरांच्या पुण्यात तीन तास, आणि नंतर गंज पेठ

पुण्यात जन्म काढलेल्या बाईने साडेसहाशे रुपये मोजून पुणं बघायला जावं, हे आमच्या घरात कोणालाच पटलं नाही. "चालायचे पैसे?" असं ह्यांनी दोनदा विचारलं. पण भाची बंगळुरूहून चार दिवसांसाठी आली होती आणि तिने मोबाईलवर एका हेरिटेज वॉकचं परस्पर बुकिंग करून टाकलं होतं. दोघींचे तेराशे. विषय होता पुण्यातली थोर माणसं आणि त्यांची घरं. रविवारी सकाळी पावणेसातला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी जमायचं.

चालवणाऱ्यांचं नाव मी लिहीत नाही. आमचा गाईड चोवीस-पंचवीसचा मुलगा होता, कष्टाळू, आणि माझ्या चार ओळींमुळे त्याच्या पोटावर पाय यावा अशी माझी इच्छा नाही. तक्रारी आहेत त्या ज्याने कार्यक्रम आखला त्याच्याविषयी.

पहिली तक्रार साधी. "जास्तीत जास्त १२ जण" असं लिहिलं होतं, आम्ही २३ निघालो. मुलाच्या गळ्यात छोटा स्पीकर होता, पण रस्त्यावर पीएमटीची बस आली की (मी अजून पीएमटीच म्हणते) मागच्या दहा जणांना फक्त त्याचे हात दिसायचे. दुसरी तक्रार वाटेतल्या स्वच्छतागृहाची. ती सोय कुठे आहे हे आधी सांगायला हवं होतं. गटात माझ्या वयाच्या सहा बायका होत्या, एवढंच लिहिते.

शनिवारवाड्यावर पंचवीस मिनिटं गेली. नारायणराव, गारदी, "काका मला वाचवा", सगळं झालं. तिथून केसरीवाडा. इथे मात्र पोराने जीव ओतला. मूळचा हा गायकवाड वाडा, १९०५ मध्ये टिळकांनी सयाजीराव गायकवाडांकडून घेतला, हे त्याने नीट सांगितलं. १८९७ चा प्लेग, रँडची धाडसत्रं, २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी झाडलेली गोळी, त्यानंतर टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. आवाज चढवायचा कुठे आणि उतरवायचा कुठे हे त्याला कळतं. आम्ही अंगणातच उभे होतो, आतलं संग्रहालय कार्यक्रमात नव्हतं. का नव्हतं, कोणास ठाऊक.

मग तो मागे गेला, १८८२ मध्ये. कोल्हापूर प्रकरण. संस्थानचे दिवाण बर्वे महाराजांचा छळ करतात अशा बातम्या, त्यावरून अब्रुनुकसानीचा खटला, आणि टिळक-आगरकरांचे डोंगरीच्या तुरुंगातले एकशे एक दिवस. तो पुढच्या मुद्द्यावर निघाला तेव्हा मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"जामीन कोणी दिला होता, ते सांग की."

"नाही माहीत, काकू."

रामशेठ उरवणे यांनी. दहा हजारांचा जामीन, १८८२ चे दहा हजार. आणि रामशेठना त्यासाठी पुढे केलं जोतीराव फुल्यांनी. टिळकांचं आणि फुल्यांचं पुढे पटलं अशातला भाग नाही, अजिबात नाही. पण दोन तरुण संपादक अडकले तेव्हा धावून आलेला माणूस गंज पेठेतला होता. मी हे सांगितल्यावर गटातल्या एका गृहस्थांनी "असं?" म्हणून चष्मा वर केला. पोराने प्रामाणिकपणे सांगितलं, "काकू, हे आमच्या स्क्रिप्टमध्ये नाही," आणि तिथल्या तिथे मोबाईलमध्ये टिपून घेतलं. त्याच्याविषयीचं माझं मत तेव्हाच बदललं. चुकीची माहिती ठोकून देणारे गाईड मी पुष्कळ पाहिलेत, लिहून घेणारा पहिलाच.

सांगायला हवं की मी गंज पेठेतली. माहेर तिथलं. वडील भवानी पेठेत भुसाराच्या दुकानात दिवाणजी होते. लग्नानंतर सिंहगड रस्ता, आणि मनपाच्या दवाखान्यात तीस वर्षं औषधं दिली. त्यामुळे प्लेगची गोष्ट निघाली की मी कान टवकारून ऐकते. त्याच १८९७ मध्ये, रँडच्या आधी तीन महिने, १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. प्लेगनेच. मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्याला बोलावून घेऊन त्यांनी गावाबाहेर हडपसरकडे ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घालून तिथवर आणलं, आणि लागण त्यांना झाली. एकच साथ, एकच शहर, एकच साल. केसरीवाड्याच्या अंगणात वीस मिनिटं प्लेग चालला होता आणि त्यात ही बाई आली नाही. तेव्हा मी हात वर केला नाही. एकदा केला होता, पुन्हा केला तर लोक म्हणतात, बाईंना सवयच आहे.

विश्रामबागवाड्यापाशी सगळ्यांनी फोटो काढले. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, सागवानाची दर्शनी बाजू, सुरूचे कोरीव खांब. दिसतो सुंदर, त्याबद्दल वाद नाही. थोर माणसांच्या यादीत दुसरा बाजीराव कसा बसला हे भाचीने विचारलं, तेव्हा मी तिला चिमटा काढला.

आणि मग भिडेवाडा. म्हणजे भिडेवाड्याची जागा. १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे, तात्यासाहेब भिड्यांनी जागा दिली म्हणून. पडका वाडा वर्षानुवर्षं कोर्टात अडकला होता, डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. समोरच दगडूशेठ. रविवारची गर्दी, फुलवाले, चपला सांभाळणारे. पोराने शाळेवर चार मिनिटं दिली (मी घड्याळ पाहिलं), तीही गणपतीकडे तोंड करून, कारण उजेड तिकडून येत होता. दर्शनाला मात्र पंधरा मिनिटांची सुट्टी. माझं गणपतीशी काही वाकडं नाही, मीही हात जोडले. पण ज्या २३ जणांत १४ बायका होत्या आणि चौदाही जणी फॉर्म स्वतः भरून आल्या होत्या, त्यांना इथे चार मिनिटं?

पुढे मंडई. इमारत १८८६ ची, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट. आता महात्मा फुले मंडई. पोराने गॉथिक कमानी दाखवल्या, अष्टकोनी मनोरा दाखवला, "आणि म्हणून हिला फुल्यांचं नाव" असं म्हणून पुढे सरकला. म्हणून म्हणजे कशामुळे? फुले पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते आणि या बाजारावर एवढा पैसा ओतायला त्यांचा विरोध होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. ज्या इमारतीला माणसाने विरोध केला तिलाच त्याचं नाव, आणि खाली कोथिंबिरीची जुडी कितीला यावर भांडण. यापेक्षा मजेदार गोष्ट सबंध वॉकमध्ये नव्हती आणि तीच गाळली! हे मी भाचीला कानात सांगितलं, तर ती मोठ्याने हसली आणि सगळ्यांना पुन्हा सांगावं लागलं.

शेवटचा टप्पा राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिथे साडेनऊला पोचलो. संग्रहालय उघडतं दहाला. म्हणजे बंद दारासमोर उभं राहून आत काय आहे ते ऐकायचं, एक वडापाव, एक कटिंग आणि "आभारी आहोत". तेराशे रुपयांत हे मला झोंबलं. अर्धा तास उशिरा निघालो असतो तर काय बिघडलं असतं? बाकीचे पांगले. आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो आणि दार उघडल्यावर आमचं तिकीट काढून आत गेलो.

तिथे गेलात तर दोन तास हाताशी ठेवा. दिनकर केळकर, कवितेतलं नाव अज्ञातवासी. धंदा चष्म्यांचा. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हा पसारा उभा केला आणि शेवटी राज्य सरकारला देऊन टाकला. वीस हजारांवर वस्तू, त्यातल्या थोड्याच मांडलेल्या. पण वस्तू कसल्या, तर अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, वज्री. तलवारींपाशी मी थांबलेच नाही. वज्रीच्या कपाटासमोर थांबले, कारण आमच्या आजीची वज्री खापराची होती, मोरीच्या कोनाड्यात असायची आणि तिला हात लावला की ओरडा बसायचा. इथल्या वज्रींवर पक्षी आहेत, हत्ती आहेत. टाच घासायच्या वस्तूवर कोणीतरी हत्ती काढला आणि कोणीतरी गावोगाव हिंडून तो जपून ठेवला. खालच्या पाट्या मात्र फार त्रोटक. "वज्री, पितळ" एवढ्याने माझ्यासारखीचं भागतं, भाचीला वज्री म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मावशी, तुझ्या फुल्यांचं घर राहिलं ना?"

राहिलं नव्हतं, यादीतच नव्हतं. मी पोराला निघताना विचारलं होतं. तो म्हणाला, लांब पडतं आणि रस्ता चालायला चांगला नाही. लांब म्हणजे किती? मंडईपासून शिवाजी रस्ता ओलांडून पूर्वेला चालत वीस मिनिटं. केसरीवाड्याहून मंडईला यायला आम्ही त्याहून जास्त वेळ लावला होता. रस्त्याचं म्हणाल तर खरं आहे. मध्ये भंगारवाले आहेत, लोखंडाची दुकानं आहेत, हातगाड्या आहेत, फूटपाथवर दुचाक्या. फोटोत छान दिसेल असं काही नाही. पुण्यातल्या थोर माणसांची यादी शनिवार-नारायण-सदाशिवात सुरू होते आणि शिवाजी रस्त्याशी येऊन दमते, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. साडेसहाशे रुपये देऊनही तेच बघायला मिळालं, तक्रार आहे ती ही.

आम्ही चालतच गेलो. मीठगंज चौकीपाशी आल्यावर मला वाट विचारावी लागली नाही, पाय आपोआप वळले. कौलारू घर, पुढे अंगण, झाडं. लहानपणी आम्ही इथे लगोरी खेळायचो आणि राखणदार हाकलायचा. आत भिंतींवर चित्रं आहेत, ती सावकाश बघण्यासारखी. पण खरी बघायची ती विहीर. १८६८ मध्ये जोतीरावांनी घरातला हौद-विहीर अस्पृश्यांना खुली केली ती ही. भाची वाकून बघत म्हणाली, "एवढीच?" हो, एवढीच. तेव्हा एवढ्याचीच भीती होती सगळ्यांना.

मागे तुळशीवृंदावन. तिथे मी तिला सांगितलं की त्यांना जाळायचं नव्हतं. मृत्युपत्रात लिहिलं होतं, मिठात पुरा. घराच्या मागे खड्डाही खणून ठेवला होता. नगरपालिकेने परवानगी नाकारली, मग दहन झालं आणि अस्थी इथे. अंत्ययात्रेत टिटवं (प्रेतापुढे धरतात ते मडकं) धरून पुढे चालल्या सावित्रीबाई. ते १८९० साल. आमच्या सासरच्या नात्यात आजही टिटवं कोणी धरायचं यावरून रुसवेफुगवे होतात.

भाची सिव्हिल इंजिनिअर. तिला सगळ्यात आवडलं ते मी सहज बोलून गेले ते, की फुले कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी सामान पुरवलं. "म्हणजे आमच्या लाईनचे!" म्हणून ती पुन्हा विहिरीपाशी गेली आणि बांधकाम दगडी आहे की विटांचं, आत ओल कुठून येते, असलं काय काय बघत बसली. शाळेच्या पुस्तकात पागोट्याचा फोटो असतो, त्याखाली कंत्राटदार असं कोणी लिहीत नाही. लिहिलं असतं तर ही पोर दहावीतच इथे आली असती.

जाताना लहुजी वस्तादांची पेठ तीच, हेही तिला दाखवलं. त्यांच्या तालमीत जोतीराव दांडपट्टा शिकले. आणि फुल्यांच्या शाळेत शिकलेली, मातंग घरातली मुक्ता साळवे, चौदाव्या वर्षी तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. चौदा वर्षांच्या मुलीचा. ऊन चढलं होतं म्हणून तपशिलात गेले नाही, भाची म्हणाली वाचते.

तर पाचांपैकी साडेतीन तारे. तीन त्या पोराच्या आवाजाला आणि अभ्यासाला, अर्धा त्याने टिपून घेतलं म्हणून. दीड कापला तो कशासाठी, ते वर लिहिलंय. जायचं असेल तर जरूर जा, पण बूट घाला, पाण्याची बाटली घ्या, घरून निघतानाच सगळं उरकून निघा आणि दुपार मोकळी ठेवा.

हे लिहून झाल्यावर काल रात्री त्या मुलाचा मेसेज आला. भाचीकडून नंबर घेतला म्हणे. "काकू, मंडईपासून नको, मीठगंज चौकीपासून वाड्यापर्यंत किती मिनिटं धरू? २३ जणांचा गट असेल तर?"

मी लिहिलं, लहानपणी पळत एक मिनिट लागायचं. माझ्या गुडघ्यांचं धर, आणि गट १२ चा कर.