आरसीबीएसचा रॉक चकर संच: काडतुसं घरी भरायला शिकणाऱ्याला खोक्यात काय मिळतं, काय मिळत नाही

अमेरिकेत नेमबाजी किंवा शिकारीला लागलेला माणूस कधीतरी झाडलेल्या पुंगळ्या गोळा करायला लागतो. पितळ हा काडतुसाचा सगळ्यात महाग भाग, आणि तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. पुंगळी, प्रायमर (ठिणगी देणारी बुडातली टिकली), दारू आणि बुलेट या चार वस्तू हातानं एकत्र आणण्यासाठी नवख्याला बहुतेक वेळा आरसीबीएसचा ‘रॉक चकर सुप्रीम मास्टर’ संच सुचवला जातो. कंपनीची सुरुवात फ्रेड हंटिंग्टननी १९४३ साली कॅलिफोर्नियात केली. रॉक चक म्हणजे खडकांत राहणारा, घुशीपेक्षा बराच मोठा एक प्राणी. त्याच्या शिकारीसाठी बुलेट बनवण्याच्या साच्यावरून (रॉक चक बुलेट स्वेज) आरसीबीएस हे नाव आलं.

संचाचा जीव म्हणजे प्रेस, दांडा ओढून पुंगळी डायमध्ये, म्हणजे तिला आकार देणाऱ्या साच्यात, दाबणारं यंत्र. ओतीव लोखंडाची, ‘ओ’ आकाराची बंद चौकट आहे, त्यामुळे मोठ्या रायफलची पुंगळी डायमध्ये दाबतानाही ती वाकत नाही. जाड फळीच्या टेबलाला ती आरपार बोल्टनं आवळा. टेबल हललं तर दांड्यातून हाताला येणारा अंदाज बिघडतो, आणि या कामात तो अंदाजच कामाला येतो. डायचा आटा ७/८-१४ या प्रमाणित मापाचा असल्यामुळे इतर कंपन्यांचे डायही बसतात. एका वेळी एकच डाय लागतो. पन्नास पुंगळ्यांचं एक काम संपवायचं, डाय बदलायचा, मग पुढचं काम. नवख्याला हा संथपणा फायद्याचा आहे, कारण प्रत्येक पुंगळी प्रत्येक पायरीला डोळ्यांखालून जाते. पिस्तुलाची शेकडो काडतुसं दर आठवड्याला लागत असतील तर मात्र टरेट प्रेस (फिरत्या चकतीवर अनेक डाय एकदम बसवलेला) घ्या, इथे कंटाळा येईल.

प्रेसबरोबर दांडीचा काटा, युनिफ्लो हा दारू मोजून सोडणारा डबा, हातात धरून प्रायमर बसवायचं साधन, पुंगळ्या उभ्या ठेवायचा ठोकळा, वंगण, नरसाळं, पुंगळीच्या तोंडाची खरखरीत कड घासायचं हत्यार आणि भरणाची पुस्तिका येते. वर्षागणिक यादीत थोडा फरक पडतो, म्हणून खोक्यावरची यादी वाचूनच पैसे द्या. तुमच्या कॅलिबरचे डाय आणि शेलहोल्डर (पुंगळीचं बूड पकडणारी खाचेची चकती) संचात नसतात. रायफलच्या .३०८ विंचेस्टरला आरसीबीएसचा ३ नंबरचा शेलहोल्डर लागतो, रिव्हॉल्व्हरच्या .३८ स्पेशलला ६ नंबरचा. शिवाय व्हर्नियर (बारीक लांबी मोजायचं साधन), पुंगळीची लांबी कापायचा ट्रिमर, चुकलेलं काडतूस सोडवायची ठोकणी आणि काटा तपासायची वजनं वेगळी घ्यावी लागतात. व्हर्नियरशिवाय पहिलं काडतूससुद्धा भरू नका.

.३०८ चं उदाहरण घेऊ. आधी पुंगळी पुसून उजेडात बघा. आत दोन भोकं दिसली तर ती बर्डन या वेगळ्या जातीच्या प्रायमरची आहे, बाजूला टाका, नाहीतर जुना प्रायमर ढकलून काढणारी डायची पिन मोडेल. मग बोटांनी वंगणाचा अगदी पातळ थर द्या. कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अशी अडकते की दांडा ओढून रिम तुटते आणि ती भोक पाडून, आटे कापून काढावी लागते. जास्त झालं तर खांद्यावर, म्हणजे मानेआधी पुंगळी निमुळती होते तिथे, खळगे पडतात.

खरी मेख डाय बसवण्यात आहे. रॅम (पुंगळी वर-खाली नेणारा प्रेसचा दांडगा खांब) पूर्ण वर नेऊन डाय शेलहोल्डरला टेकवायचा, रॅम खाली घेऊन आणखी एक अष्टमांश ते पाव फेरा फिरवायचा, अशी नेहमीची सूचना असते. पण ती सगळ्या चेंबरांना (बंदुकीत काडतूस बसतं ती जागा) बसेल अशी ढोबळ आहे. बोल्ट अॅक्शन (दर बाराला खीळ हातानं ओढायच्या) रायफलला खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे सरकला की पुरे. त्याहून जास्त सरकवला तर प्रत्येक बाराला पितळ ताणलं जातं, बुडाच्या किंचित वर आतून पातळ होत जातं, आणि एक दिवस पुंगळी तिथेच दुभंगते. बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसतं. आतून तपासायला टोक वाकवलेली बारीक तार पुंगळीत घालून भिंतीवरून वर ओढा. खाच जाणवली तर ती पुंगळी भंगारात.

पुढे पुंगळीची लांबी. कमाल २.०१५ इंच, कापून २.००५ करायची, आणि तोंडाची खरखरीत कड आतून-बाहेरून घासून काढायची. प्रायमर बुडाशी सपाट किंवा किंचित आत हवा. प्रत्येक बुडावरून बोट फिरवा, उंचवटा लागला तर ती पुंगळी वापरू नका.

संचातला काटा साधा आहे आणि उत्तम आहे. ०.१ ग्रेन, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅमचा फरक दाखवतो. एका पौंडात ७००० ग्रेन असतात. पंखा बंद ठेवा, दर वेळी शून्य बघा. युनिफ्लोमधून बारीक गोल दाण्याची दारू एकसारखी पडते. लांब काडीची दारू मात्र कापली जाते किंवा अडकते, आणि मग माप कमी-जास्त होतं. अशा वेळी थोडं कमी सोडून उरलेलं काट्यावर चिमटीनं भरा. किती ग्रेन, हे फक्त छापील पुस्तिकेतून, त्याच दारूसाठी आणि त्याच बुलेटसाठी घ्या, आणि सुरुवातीच्या आकड्यापासूनच. टेबलावर एकच डबा असावा. .३८ स्पेशलसारख्या पुंगळीत दारू जेमतेम तळ झाकते, त्यामुळे दुप्पट माप सहज मावतं आणि कळतही नाही. ठोकळ्यातल्या सगळ्या पुंगळ्यांमध्ये टॉर्च मारून पातळी बघितल्याशिवाय एकही बुलेट बसवू नका. रिकामी राहिली तर प्रायमरच्या जोरावर बुलेट नळीत अडकते, आणि त्यामागून दुसरा बार झाला तर नळी फाटते. काडतुसाची एकूण लांबी .३०८ ला कमाल २.८१० इंच.

झाडलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. खाण्यापिण्याच्या वस्तू टेबलापासून दूर ठेवा, हात धुवा, घरात मूल असेल तर वेगळी खोली हवी.

अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायला लागतो. राज्याचे नियम वेगळे तपासावेत. भारतात मात्र परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा हा संच इकडे पाठवायचा विचार करू नका.

पहिल्या खेपेला पाचच काडतुसं भरा. डब्यावर चिठ्ठी लावा: दारूचं नाव आणि लॉट, ग्रेन, बुलेटचं वजन, प्रायमर, एकूण लांबी, पुंगळीची कितवी वेळ, तारीख.