ताशी 20 पौंडांचा रेट आणि खात्यात आलेले 510

इंग्लंडमध्ये बायकोच्या किंवा नवऱ्याच्या व्हिसावर येऊन बांधकामाच्या साइटवर काम धरणारी आपली माणसं आता बरीच दिसतात. बायको नर्स, नवरा डिप्लोमा सिव्हिल, इथं कुणाची ओळख नाही, मग साइटवर माणसं पुरवणारी एजन्सी. माझंही तसंच. सांगलीकडं साइट सुपरवायझर होतो. 2025 च्या मार्चअखेरीस लंडनजवळच्या स्लावला (Slough) आलो आणि सीएससीएस कार्ड, म्हणजे बांधकामाच्या साइटवर काम करायला लागणारं कार्ड, हातात पडल्यावर एका एजन्सीनं डेटा सेंटरच्या साइटवर असिस्टंट इंजिनिअर म्हणून लावलं. गेल्या गणपतीत लंडनमधल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात भेटलेल्या प्रत्येकाला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

एजन्सीचा पोरगा फोनवर म्हणाला, "रेट 20 पौंड, आठवड्याला 40 तास, सोमवारी सातला इंडक्शन. पगार अम्ब्रेलातून. लिंक पाठवतो, आज रात्रीच फॉर्म भर." अम्ब्रेला म्हणजे काय, विचारलं. म्हणाला, "काही नाही, पेरोल कंपनी आहे. टॅक्स, रजा, पेन्शन सगळं तेच बघतात. सगळे असंच करतात." सगळे तसंच करतात हे खरं होतं. बाकीचं जे सांगायला हवं होतं, ते त्यानं सांगितलं नाही.

20 गुणिले 40 म्हणजे 800. थेट पगारावर असतो तर यातून इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारावर कामगारानं आणि मालकानं आपापली भरायची सरकारी वर्गणी) जाऊन हातात साधारण 644 आले असते. पहिल्या पूर्ण आठवड्याचे आले 510.

पेस्लिप पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्ये येते आणि तिचे दोन भाग असतात. आपण सवयीनं खालचा भाग बघतो, कारण तिथं आपलं नाव, टॅक्स कोड आणि हातात येणारा आकडा असतो. खरी कापाकापी वरच्या भागात आहे. तिथं 800 पौंड कंपनीचं उत्पन्न म्हणून दाखवलेले होते. त्यातून 20 पौंड अम्ब्रेलाचं मार्जिन, म्हणजे तिची फी. मग मालकानं भरायचा नॅशनल इन्शुरन्स सुमारे 89 पौंड. मग ॲप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणासाठी मालकावर लावलेला कर, साडेतीन पौंडांच्या आसपास. उरले 688, आणि तिथून माझा पगार सुरू. त्या 688 मधले 74 पौंड रजेच्या नावानं बाजूला ठेवलेले. राहिले 614 च्या आत-बाहेर. त्यावर माझा टॅक्स आणि माझा नॅशनल इन्शुरन्स मिळून शंभराच्या वर गेले, आणि खात्यात आले 510.

मालकाचा नॅशनल इन्शुरन्स कामगाराच्या पगारातून कापायला इथल्या कायद्यानं मनाई आहे. तरी तो कापलेला कसा चालतो? कारण कागदोपत्री ते 20 पौंड माझा पगार नव्हतेच. तो एजन्सीनं अम्ब्रेलाला दिलेला दर. माझ्या करारात पगार म्हणून फक्त किमान वेतन लिहिलेलं, त्या वर्षी ताशी 12 पौंड 21 पेन्स. पेस्लिपच्या खालच्या भागात बेसिक 488 पौंड 40 पेन्स आणि त्यापुढे 'बोनस' म्हणून सव्वाशे पौंड. कसला बोनस? माझेच पैसे फिरवून मलाच दिलेले. एप्रिल 2025 पासून मालकाचा नॅशनल इन्शुरन्स 13.8 टक्क्यांवरून 15 टक्के झाला आणि ज्या पगारापुढे तो लागतो ती वर्षाची मर्यादा 9,100 वरून 5,000 पौंडांवर आली. वर्तमानपत्रांत ही मालकांवरची वाढ म्हणून छापून आली. अम्ब्रेलात काम करणाऱ्यांच्या बाबतीत ती आमच्याच खिशातून गेली. तीन महिन्यांनी पेन्शन सुरू होते, तेव्हा मालकाचा तीन टक्के वाटाही त्याच 800 मधून निघतो.

म्हणजे अम्ब्रेलाच्या 20 पौंडांचा खरा पगार ताशी 15 पौंड 34 पेन्स, आणि रजेचे वेगळे. एवढं वाक्य त्या पोरानं फोनवर सांगितलं असतं तर निदान मी समजून उमजून हो म्हटलं असतं. कायद्यानं ते सांगणं त्याला बंधनकारकही होतं. 6 एप्रिल 2020 पासून एजन्सीनं अटी ठरण्याआधी कामगाराला 'की इन्फर्मेशन डॉक्युमेंट' द्यायचं असतं. त्यात दर, प्रत्येक कपात आणि हातात अंदाजे किती येतील, हे उदाहरणासकट लिहिलेलं असतं. मला ते आलं दुसऱ्या आठवड्यात, सेफ्टी पॉलिसी आणि कॅन्टीनच्या नियमांसोबत एकाच ईमेलमध्ये, पाचवी अटॅचमेंट म्हणून.

इथवर जे झालं ते बहुतेक कायद्यात बसवलेलं आहे. फसवणूक पुढे आहे.

ते रजेचे 74 पौंड दर आठवड्याला साठत होते. पोर्टलवर आकडा दिसायचा, बरं वाटायचं. दिवाळीच्या आसपास घरी जाऊन यावं आणि तेव्हा ते पैसे काढावेत असं ठरवलेलं. जुलैत एक मेसेज आला, की तुमचा पेरोल आता आमच्या दुसऱ्या कंपनीकडं गेलाय, तुम्हाला काही करायची गरज नाही. पुढच्या शुक्रवारी पेस्लिपवर नवं नाव, रजेच्या रकान्यात शून्य, आणि जुन्या पोर्टलचं लॉगिन बंद. फोन केला तर बाई गोड बोलल्या. जुन्या कंपनीचं आम्हाला माहीत नाही, त्यांना ईमेल करा. ईमेलला उत्तर आलं, की करारातल्या कलमाप्रमाणे न मागितलेली रजा रद्द झाली. हे धादांत खोटं. नोकरी संपताना साठलेली रजा पैशात द्यावीच लागते, करारात काहीही लिहिलेलं असो. सप्टेंबरमध्ये पुन्हा तोच प्रकार, तिसरं नाव.

असं नाव बदलत राहण्यामागं काय असतं ते नंतर कळलं. छोट्या कंपनीला मालकाच्या नॅशनल इन्शुरन्समध्ये सरकार सूट देतं, एम्प्लॉयमेंट अलाउन्स म्हणतात तिला. ती वर्षाला 5,000 पौंड होती, एप्रिल 2025 पासून 10,500 झाली. मग काही लोक शेकडो छोट्या कंपन्या उघडतात, प्रत्येकीत मोजकी माणसं टाकतात, कागदावर परदेशातला कुणी तरी डायरेक्टर दाखवतात, प्रत्येकीवर सूट उचलतात आणि चौकशी यायच्या आत ती बंद करून टाकतात. एचएमआरसी, म्हणजे इथलं टॅक्स खातं, याला मिनी अम्ब्रेला फ्रॉड म्हणते. माझ्या कंपन्या त्यातल्याच होत्या असं मी छातीठोक सांगत नाही. पण कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं, आणि माझी पहिली कंपनी तिथं काढून टाकण्याच्या यादीत होती.

एजन्सीकडं गेलो तर त्यांनी हात वर केले. "तू त्यांचा कर्मचारी आहेस, आमचा नाहीस." साइटवर कुठं उभं राहायचं हे एजन्सी सांगणार, उद्या येऊ नको हेही तीच सांगणार, पैशाचा विषय निघाला की मात्र मी दुसऱ्याचा. काही एजन्स्यांना अम्ब्रेला कंपन्यांकडून दर माणसामागं बक्षिसी मिळते, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळं एजन्सीनं दिलेली 'पसंतीच्या' कंपन्यांची यादी ही नेमकी कुणाची पसंती, ते ओळखा.

याच साइटवर कराडकडचे एक भाऊ होते. माझी पेस्लिप बघून हसले. "अरे, तू कशाला 510 घेतोस? मला 620 येतात, तोच रेट, तेच तास." त्यांना एका सल्लागारानं दुसऱ्या अम्ब्रेलात नेलं होतं. दर शुक्रवारी त्यांच्या खात्यात दोनदा पैसे पडायचे. आधी 419, तासाभरानं वेगळ्याच नावानं 200. पेस्लिप होती फक्त 419 ची, किमान वेतनाचा हिशोब. ते 200 कसले, म्हणून त्यांचा करार मोबाइलवर मोठा करून वाचला. ॲडव्हान्स, म्हणजे कर्ज. सल्लागार म्हणायचा, कागदावरच कर्ज आहे, परत कोण मागतंय! आपल्याकडं ऊसतोडीचा मुकादम उचल देतो तसं हे, फक्त वसुलीला मुकादम येत नाही, सरकार येतं.

आणि आलंच. एचएमआरसीच्या हिशोबी असलं कर्ज हा पगारच असतो आणि त्यावरचा टॅक्स कामगाराकडून मागितला जातो. मग सल्लागार काही म्हणालेला असो. आठवड्याच्या 200 वर नुसता इन्कम टॅक्स 40 पौंड, वर व्याज. भाऊंना पत्र आलं तेव्हा सल्लागाराचा फोन लागत नव्हता. गंमत बघा, त्या कंपनीकडं 800 मधले जवळजवळ 50 पौंड दर आठवड्याला राहत होते, माझ्या महागड्या वाटणाऱ्या कंपनीच्या दुपटीहून जास्त. अशा काही योजनांची आणि त्या चालवणाऱ्यांची नावं एचएमआरसी 2022 पासून जाहीर करते. यादीत नाव नाही म्हणून कंपनी चांगली, असं मात्र समजू नका. 75-80 टक्के हातात देतो असं जो म्हणेल त्याच्यापासून लांब राहा. 800 वर कायदेशीर हिशोबानं, रजेचे पैसे दर आठवड्याला मिसळून दिले तरी, 563 च्या वर जातच नाही.

आता काय करायचं. रजेचे पैसे साठवू नका. दर आठवड्याला पगारात मिसळून द्या असं सुरुवातीलाच लेखी कळवा. तास कमी-जास्त होणाऱ्यांसाठी हे आता कायदेशीर आहे, 12.07 टक्क्यांनी. प्रत्येक पेस्लिप त्याच दिवशी उतरवून घ्या. पोर्टल बंद झाल्यावर कुणी देत नाही, आणि टॅक्स कापला गेला होता याचा पुरावा तोच. एचएमआरसीचं ॲप मोबाइलवर घ्या. मालकानं तुमचा किती पगार सरकारला कळवला ते त्यात दिसतं. माझ्या तीन कंपन्यांपैकी मधल्या एकीनं दोन महिने काहीच कळवलेलं नव्हतं, पेस्लिपवर टॅक्स मात्र दर आठवड्याला कापलेला.

पैसे अडकले तर एकासकडं (Acas, मालक-कामगारांचे वाद मिटवणारी सार्वजनिक संस्था) फोनवर सगळं सांगून प्रकरण नोंदवा, फुकट असतं. ट्रायब्युनलची, म्हणजे नोकरीच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाची, मुदत माझ्या वेळी तीन महिने उणे एक दिवस होती आणि एकासची नोंदणी त्याच्या आत झालीच पाहिजे. मी दुसऱ्या कंपनीविरुद्ध नोंदवलं. तिनं आठवड्याभरात रजेचे पैसे टाकले, चूक झाली वगैरे लिहून. पहिलीचे तीन-साडेतीन महिन्यांचे, हजाराच्या आसपास, बुडाले. अम्ब्रेलानं टॅक्स भरला नाही तर एजन्सीकडून वसूल करायचा नियम 6 एप्रिल 2026 पासून आहे. त्यानं एजन्स्या थोड्या सावध होतील, पण तो सरकारच्या टॅक्सपुरता आहे. तुमच्या रजेच्या पैशांना त्याचा उपयोग नाही.

मी आता दुसऱ्या एजन्सीकडं आहे, ती स्वतःच्या पेरोलवर घेते. रेट 17 पौंड. साइटवरची पोरं म्हणतात, 20 वरून 17 वर आलास. 40 तासांचे हातात 557 येतात आणि रजा वेगळी साठते, एजन्सीच्याच नावावर. भाऊंनी एचएमआरसीशी बोलून महिन्याचे हप्ते बांधून घेतलेत. त्यांच्या ओळखीनं त्याच सल्लागाराकडं गेलेल्या दोन पोरांना अजून पत्र आलेलं नाही, आणि ती दोघं अजूनही शुक्रवारी दुसऱ्या मेसेजची वाट बघतात.