घरच्या पार्किंगसाठी कार लिफ्ट: टू-पोस्ट सोडून सिझर का घेतली

मिड-राइज सिझर लिफ्ट, म्हणजे तेलाच्या दाबावर कात्रीसारखी उघडून गाडी अर्ध्या उंचीपर्यंत उचलणारी, तीन टनी, सिंगल फेज. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याकडच्या आमच्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये बसवून एक अख्खा पावसाळा गेलाय, म्हणून आता लिहितोय. घरात एक स्विफ्ट आहे आणि वडिलांची बोलेरो पिकअप, जी द्राक्षाच्या सीझनला दिंडोरीच्या मळ्यावर राबते. ऑइल, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, सायलेन्सरचे हँगर ही कामं मी घरीच करतो, मणक्याच्या दुखण्यामुळे घोडी लावून खाली पाठीवर झोपून काम करणं बंद झालं आणि मग लिफ्टचा शोध सुरू केला.

ज्याला त्याला पहिला प्रश्न पडतो की किती टनी घेतली. अहो टन नंतर बघा, आधी टेप घेऊन छताची उंची मोजा, आणि ती स्लॅबपर्यंत नाही तर बीमच्या खालपर्यंत, पंखा ट्यूब जे काही लटकतंय त्याच्या खालपर्यंत. आमच्याकडे बीमखाली साधारण 9 फूट 8 इंच मिळतात म्हणजे 2.95 मीटर. स्विफ्टची उंची 1.53 मीटर, म्हणजे वर 1.4 मीटर शिल्लक. पिकअप साधारण 1.85 धरली तर फक्त 1.1 मीटर. आणि हे बॉनेट आणि डिकी बंद असताना हं, स्विफ्ट वर असताना डिकी उघडली की ती सरळ बीमला लागते. आता टू-पोस्ट म्हणजे दोन खांबांची लिफ्ट गाडी 1.8 मीटरच्या आसपास उचलते, माणूस खाली उभा राहू शकेल इतकी, पण माझ्या छताखाली ती उंची वापरताच येणार नाही, मग त्याचे पैसे कशाला द्यायचे. ज्या टू-पोस्टला वर आडवा बीम असतो त्याला तर साडेअकरा बारा फूट उंची लागतेच, खालून केबल नेणारी बेसप्लेटची येते तिचे खांब जरा बुटके असतात. आपल्याकडच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये तर उंची अजूनच कमी असते.

दुसरी गोष्ट जमीन, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण जीव यावर अवलंबून असतो आणि विकणारे यावरच सगळ्यात कमी बोलतात. टू-पोस्टमध्ये गाडी खांबाच्या पुढे आलेल्या हातांवर असते, म्हणजे खांबाला कायम आतल्या बाजूला झुकायची ओढ असते आणि ती सगळी ओढ बेसच्या अँकर बोल्टवर येते. बोल्टची ताकद म्हणजे ज्या काँक्रीटमध्ये तो बसलाय त्याची ताकद, बास. साधारण 4 ते 6 इंच जाडीचं, 3000 पीएसआय (दाब सोसायच्या ताकदीचं माप) च्या वरचं सलग काँक्रीट लागतं, आपल्या भाषेत एम-25 ग्रेडचं घातलं तर चिंता नाही. पार्किंगच्या टाइल्स, पेव्हर ब्लॉक, जुना कोबा यातलं काहीच चालत नाही. आमच्याकडे एका सप्लायरचा माणूस बघायला आला, टाइलवर टाच आपटली आणि म्हणाला "दादा मजबूत आहे, यावरच बोल्ट मारून देतो, दोन तासांचं काम". मी म्हटलं थांबा. त्याच्यासमोरच कोपऱ्यात हॅमर ड्रिलने भोक पाडलं. आधी टाइलचा लाल चुरा, मग राखाडी भुकटी, आणि तीन इंच पण झाले नसतील तर बिटला ओलसर काळी माती चिकटून वर आली. म्हणजे टाइलखाली जेमतेम पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट) आणि त्याच्याखाली मूळ शेताची माती. नवीन नाशिकमध्ये बरेचसे प्लॉट काळ्या मातीवर आहेत आणि ही माती पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात आक्रसते, कंपाउंडच्या भिंतींना ज्या तिरप्या भेगा दिसतात त्या यामुळेच. अशा जमिनीवर पातळ पीसीसीत टू-पोस्ट उभी करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, कोणी कितीही गॅरंटी देवो.

अजून एक, ड्रिल लावण्याआधी पाण्याची अंडरग्राउंड टाकी कुठे आहे ते घरच्यांना विचारा! आपल्याकडे बऱ्याच बंगल्यांत ती पार्किंगखालीच असते, टाकीच्या स्लॅबवर लिफ्ट बसवायचा विचारसुद्धा करू नका. तसंच खाली तळघर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काही नाही.

आम्ही मग तेवढा भाग उकरून काळी माती काढली, मुरूम भरून कॉम्पॅक्टर फिरवून घेतला, वर जाळी टाकून 6 इंच एम-25 ओतलं आणि पूर्ण 28 दिवस होईपर्यंत लिफ्ट बसवू दिली नाही. वडील रोज सकाळ संध्याकाळ त्यावर पाणी मारायचे. लेव्हल एकदम पक्की ठेवा, उतार दिलात तर सिझरचे दोन्ही प्लॅटफॉर्म वाकडे बसतात. खरं तर माझ्या मॉडेलला कंपनी बोल्ट सक्तीचे करत नाही, रुंद बेस फ्रेमवर उभी असते, ओढून बाजूलाही करता येते, पण सपाट पक्कं काँक्रीट तिलाही लागतंच.

वीज. वर्कशॉपच्या लिफ्ट बहुतेक थ्री फेज 415 व्होल्टच्या असतात. घरी सिंगल फेज असेल तर ऑर्डरमध्ये सिंगल फेज मोटर स्पष्ट लिहून घ्या. माझ्या कोटेशनवर लिहिलेलं असूनसुद्धा पहिल्यांदा थ्री फेज पॉवर पॅक (तेलाचा पंप आणि मोटरचा संच) आला, मग बदलून येईपर्यंत फोनवर फोन, "साहेब आज निघाला उद्या मिळेल", हे महिनाभर चाललं. सर्व्हिसचे मार्क इथेच कापतो. 2.2 किलोवॅटची मोटर आहे, सुरू होताना करंट खूप खेचते, त्यामुळे साध्या प्लगवर नाही, मीटरबोर्डपासून 4 स्क्वेअर एमएमची वेगळी वायर, सी-कर्व्हचा म्हणजे सुरुवातीच्या जादा करंटला लगेच न पडणारा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे तेही बघून घ्या, घरात दोन एसी असतील तर वाढवायला लागू शकतो.

आता लॉक. कुठलीही लिफ्ट बघायला गेलात तर तेलाच्या गोष्टी सोडा, लॉक दाखवा म्हणा. गाडी वर जाताना दातऱ्यांवरून टक् टक् आवाज येत जातो, हवी ती उंची आली की बटण सोडून गाडी थोडी खाली घ्यायची म्हणजे ती दातरीवर बसते आणि वजन तेलावर न राहता लोखंडावर येतं. होज फुटला तरी गाडी जागची हलत नाही. दोन्ही बाजूचे लॉक एकाच दातरीवर बसलेत ना हे वाकून डोळ्यांनी बघायचं आणि मगच खाली हात घालायचा, घाईत असलो तरी. उतरवताना आधी थोडी वर उचलून लॉक सोडवावे लागतात. आणि इथे एक गोम आहे, बऱ्याच सिझर लिफ्टचे लॉक हवेवर सुटतात, म्हणजे कंप्रेसर पण घ्यावा लागतो, तो कोटेशनमध्ये नसतो. मी हाताने लॉक सोडायचं मॉडेल घेतलं. लाइट गेली तर गाडी लॉकवर अडकते कारण आधी वर उचलता आली पाहिजे, म्हणून पॉवर पॅकला इमर्जन्सी हॅण्डपंप आहे का विचारा, पावसाळ्यात मला तो लागला.

वापरायला कशी आहे? ब्रेक, चाकं, सस्पेन्शन, ऑइल यासाठी एक नंबर. चाकं मोकळी लटकतात, स्टुलावर बसून आरामात काम होतं, पाठ वाचली. दबलेली असताना साधारण 11 सेंटीमीटर उंच आहे आणि स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर, त्यामुळे गाडी वरून सहज जाते. स्विफ्टला दारांखालच्या पट्टीवर जॅकिंग पॉइंटच्या दोन खाचांच्या मधेच रबर ब्लॉक लावायचा, खाच पाडलेला ब्लॉक घ्या, सपाट ब्लॉकने ती पट्टी दुमडते. पिकअपला चासी आहे तर ब्लॉक चासीवर, पण कॅरेट भरलेली गाडी अजिबात उचलायची नाही, वजन मागे जातं आणि तोल बिघडतो. मळ्यावरून आली की आधी रिकामी करायची हा वडिलांनाही नियम लावलाय.

उणीव एकच पण मोठी, मधला भाग अडतो. गिअरबॉक्स उतरवायचा असेल तर ही लिफ्ट घेऊ नका, सायलेन्सरचा मधला पाइप काढतानाही सिझरच्या हातांमधून कसरत होते. टू-पोस्टमध्ये खाली सगळं मोकळं असतं, त्या बाबतीत तिला तोड नाही. फोर-पोस्ट मी बघितली ती एकावर एक दोन गाड्या लावायला छान, वजन चार खांबांवर वाटलं जातं, पण गाडी चाकांवरच उभी असते, त्यामुळे ब्रेकच्या कामाला चाकं मोकळी करायला वेगळा जॅकिंग बीम लागतो. जमिनीवर ठेवायच्या दोन फ्रेमचे पोर्टेबल सेट मिळतात ते दीड दोन फूट उचलतात, भाड्याच्या घरात असाल तर तोच पर्याय.

टनाचं आता सांगतो. रिकाम्या फॉर्च्युनरचंही वजन सव्वादोन टनाच्या आतबाहेर, घरच्या गाड्यांना तीन टन पुरे. फक्त टू-पोस्टवर चार टन लिहिलं असेल तर ते चार हातांचं मिळून असतं, एका हाताला एक टन, आणि डिझेल गाडीचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या दोन हातांवर येतं हे धरून चाला.

कोटेशन घेताना 18 टक्के जीएसटी, वाहतूक, उतरवायला क्रेन किंवा हायड्रा, हायड्रॉलिक ऑइल हे सगळं धरलंय का ते लेखी विचारा, माझ्या पहिल्या कोटेशनमध्ये यातलं एकही नव्हतं. सर्व्हिसला अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतून माणूस येणार की मुंबईहून, हेही तेव्हाच. सील किट आणि होज इथे हायड्रॉलिकच्या दुकानात मापाने मिळतात का बघा, माझ्या लिफ्टचे मिळतात.

लिफ्टला पाचपैकी चार, सप्लायरला अडीच. मखमलाबादला मित्राच्या मळ्यावर 14 फुटी पत्र्याचं शेड आहे, खाली मुरमाड जमीन, त्याने मला विचारलं तेव्हा मी त्याला डोळे झाकून टू-पोस्ट घे म्हटलं, फक्त खांबांच्या जागेचं काँक्रीट आधी ओतून घे आणि महिनाभर थांब.