मुंबईतलं स्वस्त ‘ग्रीन’ हॉटेल: ६८,७६० रुपयांचा चुना

आधी आकडे. एका कार्यशाळेसाठी अंधेरी पूर्वेच्या ‘ग्रीन’ म्हणवणाऱ्या हॉटेलात आम्ही घेतलेल्या सहा खोल्या, तीन रात्री, खोलीचं भाडं रात्रीला ३,४०० रुपये. झाले ६१,२००. त्यावर ५ टक्के जीएसटी, ३,०६०. आणि त्याच्याही खाली ‘ग्रीन सेस’ म्हणून खोलीमागे रात्रीला २५०, म्हणजे ४,५००. सगळे मिळून ६८,७६० रुपये, तेही आगाऊ आणि नॉन-रिफंडेबल. बदल्यात काय मिळालं? पलंगावर ‘टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा’ असं कार्ड. लॅमिनेट केलेलं.

हा धंदा असा चालतो. हॉटेल स्वतःच स्वतःला ग्रीन म्हणवून घेतं, बुकिंगचं पोर्टल नावापुढे हिरवं पान लावतं आणि भाडं शेजारच्या हॉटेलांपेक्षा सात-आठशेने जास्त, पण खऱ्या प्रमाणित पंचतारांकितांपेक्षा बरंच कमी ठेवलं जातं. बरोबर त्या फटीत गिऱ्हाईक सापडतं. कार्यशाळेला पैसे देणाऱ्यांची अट असते की मुक्काम पर्यावरण-प्रमाणित हॉटेलातच हवा, आणि बजेट खोलीमागे साडेतीन हजार. मुंबईत प्रमाणित म्हणून चटकन आठवणारी नावं म्हणजे विलेपार्ल्याचं इकोटेलवालं ऑर्किड, लीड प्लॅटिनमवालं आयटीसी मराठा (इकोटेल हे पर्यावरणपूरक हॉटेलांचं आणि लीड हे हरित इमारतींचं प्रमाणपत्र). ती या पैशांत बसत नाहीत. ‘एवढं कसं कळलं नाही’ म्हणणाऱ्यांनी हीच अट आणि हेच बजेट घेऊन एकदा हॉटेल शोधून दाखवावं.

तरीही हॉटेलने पाठवलेला पीडीएफ बघताना हात थांबायला हवा होता. राहून राहून डोक्यात तेच येतं. हॉटेलने ‘सर्टिफिकेट’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या कागदावर आयजीबीसीचा, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचा, लोगो होता, एक क्रमांक होता आणि ठळक अक्षरांत ‘रजिस्टर्ड’ लिहिलं होतं. सर्टिफाइड नव्हे, रजिस्टर्ड. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम यांपैकी काहीच नाही, तारीख नाही, आणि प्रकल्पाचं नाव हॉटेलचं नसून ते ज्या व्यापारी इमारतीत आहे तिचं. नोंदणी म्हणजे फी भरून अर्ज केला, इतकंच. सुपारी फुटली म्हणून लग्न लागलं असं होत नाही. लीडचंही तेच: ४० ते ४९ गुण म्हणजे साधं सर्टिफाइड, ५० पासून सिल्व्हर, ६० पासून गोल्ड, ८० पासून प्लॅटिनम, पातळी लिहिलेली नसेल तर कागद रद्दीत घाला. आमच्या नजरेतून ते सुटलं, कारण मागोमाग फोन आला: ‘सर, हा रेट रात्री नऊपर्यंतच आहे.’ घाई करायला लावणं हा या लोकांच्या धंद्याचा अर्धा भाग आहे.

दुसरी खूण बिलातच होती आणि तिच्यावर तर जास्त चीड येते. हॉटेलने स्वतः लावलेला कुठलाही आकार खोलीच्या भाड्यात मिळवून मग त्या बेरजेवर जीएसटी लागतो. इथे ‘ग्रीन सेस’ जीएसटीच्या ओळीखाली छापला होता, म्हणजे बघणाऱ्याला तो सरकारी कर वाटावा. मुंबईत हॉटेलच्या खोलीवर असा कुठलाही सेस नाही. महाराष्ट्राचा लक्झरी टॅक्ससुद्धा १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरघळला. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्याहून महाग खोलीवर १८. एवढंच. याखेरीज ‘ग्रीन’, ‘इको’, ‘कार्बन’ अशी ओळ दिसली तर पैसे भरायच्या आधी ती काढायला लावा.

रजिस्टर्डवाला कागद पकडला की हॉटेलवाले दुसरे कागद पुढे करतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दाखवतात. ती कायद्याने घ्यावीच लागते, ते बक्षीस नाही. ‘आम्ही ओला कचरा इथेच जिरवतो’ म्हणतात. दिवसाला १०० किलोंच्या वर कचरा करणाऱ्याची ती जबाबदारीच आहे. ‘प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ बंद केल्या’, तर त्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहेत. आणि हे ऐकवणाऱ्या हॉटेलच्या बाथरूममधल्या पुडीत प्लॅस्टिकच्या काडीचे इअरबड होते, जे त्याच बंदीत येतात! आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक) दाखवलं तर ते कोणत्या संस्थेने दिलं ते विचारा; आयएसओ स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. जीएसटीसी म्हणजे ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिलही थेट हॉटेलांना देत नाही, ती निकष ठरवते आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. ‘जीएसटीसीने आम्हाला सर्टिफाय केलं’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या.

खरं प्रमाणपत्र असलं तरी ते कशाचं आहे ते बघा. लीडचं बांधकामाचं प्रमाणपत्र इमारत बांधून झाली त्या वेळची गोष्ट सांगतं. आज हॉटेल कसं चालतं याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. चालवण्याबद्दलचं लीड वेगळं असतं आणि त्याला मुदत असते. हॉटेलच्या रोजच्या कारभाराकडे बघणारं म्हणून ‘ग्रीन की’ (Green Key) हे प्रमाणपत्र जास्त कामाचं. ते डेन्मार्कमध्ये १९९४ ला सुरू झालं, त्याचं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असतं आणि कुठल्या देशात कुणाला मिळालंय त्याची यादी त्यांच्याच साइटवर आहे. यादीत नाव नसेल तर भिंतीवरची फ्रेम कितीही मोठी असो, उपयोग शून्य.

खोलीत पोहोचल्यावर करायची एक तपासणी. बादलीत अर्धा मिनिट पूर्ण शॉवर सोडा, मग लिटरच्या बाटलीने पाणी मोजा. ग्रीन कीच्या निकषात शॉवरला मिनिटाला नऊ लिटर चालतात, म्हणजे अर्ध्या मिनिटात साडेचार. इथे सात बाटल्या भरून वर थोडं उरलं. मिनिटाला चौदा लिटरच्याही वर. पाण्याची धार कमी करणारा पाचेकशे रुपयांचा फ्लो रेग्युलेटरही बसवला नव्हता, आणि सेस मात्र रात्रीला अडीचशे. याचा व्हिडिओ काढा, घड्याळ दिसेल असा.

आता तक्रारीचं. पोर्टलने सांगितलं, ‘पान हॉटेलने दिलेल्या माहितीवरून लागतं.’ मग पान लावता कशाला? एका मोठ्या परदेशी पोर्टलने ‘ट्रॅव्हल सस्टेनेबल’ हा स्वतःचा शिक्का २०२४ मध्ये डच नियामकाने हरकत घेतल्यावर काढून टाकला. आपल्याकडे तो प्रश्न कुणी विचारत नाही. एका सरकारी हेल्पलाइनवरचा माणूस म्हणाला, ‘खोली मिळाली ना? मग फसवणूक कसली?’ पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी आहे’ म्हणून बोळवण. कराच्या कचेरीतलं उत्तर तर जपून ठेवण्यासारखं: सेस सरकारी नसेल तर तो आमचा विषय नाही, आणि सरकारी असेल तर आमच्याकडे असा सेसच नाही. तिथून ज्या खात्याकडे पाठवलं त्यांनी फक्त स्वयंपाकघराचा परवाना चालू आहे का ते पाहिलं आणि ‘चालू आहे’ असं आम्हालाच आनंदाने कळवलं. १५ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ म्हणायचं तर पुरावा हवा आणि तो क्यूआर कोडने किंवा लिंकने ग्राहकाला बघता यायला हवा. ज्या टेबलावर हे सांगितलं, तिथून फर्माईश झाली, ‘त्याची एक प्रत आम्हाला मेल करा.’ नियम सरकारचा, प्रत गिऱ्हाइकाने पुरवायची! टोलवाटोलवीत सगळे तरबेज, आणि हॉटेल मात्र त्याच पानावर पुढची बुकिंगं घेत होतं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षं, ऑनलाइन ई-जागृती या सरकारी पोर्टलवर. रक्कम मोजून मागा. सगळे ६८,७६० मागितले तर ‘खोली वापरली की’ हे उत्तर तयार असतं. त्याच गल्लीतली साधी खोली २,६०० ला होती. फरक ८०० गुणिले १८, झाले १४,४००, अधिक सेसचे ४,५००. एकूण १८,९०० आणि वर त्रासाचा खर्च.

कागद आधी गोळा करा, भांडण मागाहून. हिरवं पान दिसतंय त्या वेबपेजचा पूर्ण पत्ता आणि तारखेसह स्क्रीनशॉट बुकिंगच्याच दिवशी घ्या, कारण तक्रार गेली की पान गायब होतं. आमच्या बाबतीत झालं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा पीडीएफ डाउनलोड करून ठेवा. फोनवर कबूल केलेलं सगळं मेलवर लिहून मागा, ‘प्रमाणपत्र क्रमांक, पातळी, मुदत’ या तीनच गोष्टी पुरतात. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर. नॉन-रिफंडेबल रेट ग्रीन हॉटेलला कधीच घेऊ नका, दोन-तीनशे वाचतात आणि हातातली दोरी जाते. बजेट खरंच कमी असेल तर अंधेरी, बीकेसीकडची ऑफिसवाल्यांची हॉटेलं शुक्रवार ते रविवार आणि पावसाळ्यात बघा, भाडी उतरलेली असतात. मात्र आधी यादीतून प्रमाणित हॉटेल काढा आणि मग त्याचा रेट विचारा. उलट्या क्रमाने गेलात की हिरवं पान गळ्यात पडलंच.

पोर्टलने ५०० रुपयांचं कूपन पाठवलंय. ते वापरलेलं नाही आणि कुणीही वापरू नका. खाली बारीक अक्षरांत अट आहे: कूपन वापरताच तक्रार मिटली असं समजलं जाईल.