जुनं पीककर्ज, नवी थकबाकी: सिबिलकडे तक्रार, बँकेत अर्ज की तडजोड?

मे महिना अर्धा उलटला की माझ्या सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यापेक्षा सिबिलची विचारणा जास्त होते. सिबिल म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणारी कंपनी, तिच्या रिपोर्टलाही लोक सिबिलच म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, लोक केंद्राला अजून सेतूच म्हणतात. मृग तोंडावर आलेला, वावर नांगरून पडलेलं, बियाण्याच्या बॅगा उचलायच्या, आणि बँकेतला साहेब म्हणतो, तुमच्या नावावर थकबाकी दिसते.

मागच्या मे महिन्यात शेजारचे काकाजी असेच आले. हातात कर्जमाफीचं प्रमाणपत्र, लॅमिनेशन करून ठेवलेलं. २०१३ साली घेतलेलं ४५ हजारांचं पीककर्ज २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत माफ झालं होतं. रिपोर्ट काढला तर तेच खातं ‘रिटन ऑफ’, बाकी १ लाख १२ हजार, आणि शेवटची नोंद आदल्याच महिन्याची.

‘‘बाबू, माफीत आलं होतं नं हे. मंग आता कुठून निंगालं?’’

निघालं ते बँकांच्या विलीनीकरणातून. जुन्या बँकेतलं खातं नवीन बँकेत गेलं, नंबर बदलला, माफीची जमा मात्र जुन्या नंबरावरच राहिली. थकबाकी खरी नव्हती, पण दर महिन्याला ताजी होऊन वर जात होती. अशा वेळी तीन-चार वाटा असतात आणि प्रत्येक वाटेचा पुरस्कार करणारा एक जण पारावर बसलेला असतो. त्यातली कुठली कुणासाठी, तेवढंच सांगतो.

पण वाट धरायच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते. नोंद चुकीची आहे, की खरी आहे आणि फक्त जुनी आहे? हे एकदा कळलं की अर्धा निर्णय झालाच.

‘सात वर्षांनी सिबिल आपोआप साफ होतं’ हे मोबाइलवर पाहून आलेले रोज दोघं तरी भेटतात. नियम असा आहे की क्रेडिट माहिती कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं जपून ठेवायची. किमान. सात वर्षांनी पुसायचीच असं त्यात कुठंही नाही. इंग्लंडमध्ये थकबाकीची नोंद सहा वर्षांनी निघून जाते. ते तिथलं. आपल्याकडे बाकी खरी असेल आणि बँक ती कळवत राहिली, तर दहा वर्षांपूर्वीचं कर्जही ताज्या तारखेनं दिसत राहतं. रिपोर्टमध्ये ३६ महिन्यांचे चौकोन असतात, प्रत्येकात किती दिवस उशीर झाला तो आकडा. ते ३६ महिने कर्ज बुडालं त्या सालापासून मोजलेले नसतात, शेवटच्या नोंदीपासून मागे मोजलेले असतात. म्हणून २०१४ ला थकलेल्या माणसाच्या चौकोनात २०२३ दिसतं आणि तो चक्रावतो.

दुसरा घोळ ‘रिटन ऑफ’चा. बँकेनं कर्ज वहीतून बाजूला काढलं म्हणजे माफ केलं असं नाही. येणं येणंच राहतं. माफी वेगळी, राइट ऑफ वेगळं.

तेव्हा ‘लई जुनं झालं, काढून टाका’ एवढ्याच मुद्द्यावर तक्रार करणार असाल तर कागद वाया घालवू नका. तक्रार टिकते ती रक्कम चुकली असेल, माफीची किंवा भरण्याची जमा धरली नसेल, तेच कर्ज दोनदा दिसत असेल (बँकेनं वसुली कंपनीला विकलं की हे होतं), किंवा कर्ज तुमचं नसेलच तेव्हा. हे शेवटचं आपल्याकडे वाटतं त्यापेक्षा जास्त होतं. गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघं, आणि शाळेत घालताना मास्तरांनी दोघांचीही जन्मतारीख १ जुलै लिहिलेली. जुन्या कर्जाला पॅन नंबर जोडलेला नसेल तर एकाचं कर्ज दुसऱ्याच्या फायलीत जाऊन बसतं. जामीनदार म्हणून केलेल्या सहीचं मात्र तसं नाही, ती नोंद बरोबरच असते. सोयऱ्यासाठी सही करताना हे कुणी सांगत नाही, हा भाग वेगळा.

आता सिबिलकडे ऑनलाइन तक्रार आणि बँकेत लेखी अर्ज, या दोन वाटा शेजारी ठेवू. खरी निवड इथंच आहे.

ऑनलाइन तक्रार फुकट आहे, घरबसल्या होते. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर घ्यायचा, चुकलेलं खातं निवडायचं, काय चुकलं ते सांगायचं. पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून मोफत मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. तक्रार गेली की त्या खात्याला वादग्रस्त असल्याची खूण लागते. पण सिबिल स्वतःहून एक आकडाही बदलत नाही. ते बँकेला विचारतात. बँकेच्या कुठल्यातरी लांबच्या कार्यालयात कुणीतरी संगणक उघडतो, त्यात १ लाख १२ हजार दिसतात, आणि तो कळवतो, आमची माहिती बरोबर आहे. काकाजींचं लॅमिनेशन त्याच्या टेबलापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे माझ्या मते ही वाट नाव, जन्मतारीख, पॅन, दोनदा आलेलं खातं, दुसऱ्याचं कर्ज अशा चुकांना चांगली. माफी, तडजोड, जमा न धरलेली रक्कम यांना एकटी पुरत नाही.

शाखेतला अर्ज कटकटीचा आहे. तालुक्याला जा, साहेब मीटिंगला गेलेले, दुसऱ्यांदा जा, मागच्या महिन्यातले साहेब बदलून गेलेले. तरीही दुरुस्ती मुळात व्हायची ती इथंच. खात्यातली बाकी शून्य झाली नाही आणि नुसती वरवर नोंद बदलली, तर पुढच्या फेरीत चूक परत येते. २०२५ पासून बँकांना दर पंधरा दिवसांनी किंवा त्याहून लवकर माहिती पाठवावी लागते, म्हणजे परत यायला वेळही लागत नाही. उलट, खातं एकदा नीट बंद झालं की तोच नियम तुमच्या कामाला येतो.

अर्ज तोंडी नको. मी काकाजींच्या अर्जात चारच गोष्टी लिहिल्या: जुना खाते क्रमांक आणि नवा खाते क्रमांक, माफीचं वर्ष आणि रक्कम, रिपोर्टमधली चुकीची ओळ जशीच्या तशी, आणि ‘खातेउताऱ्यासह लेखी उत्तर द्यावे’. सोबत प्रमाणपत्राची झेरॉक्स. दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख आणि सही. शिपाई म्हणाला ठेवून जा, साहेब आले की देतो. काकाजी पंख्याखालच्या बाकावर दीड तास बसून राहिले, पण शिक्का घेऊनच उठले.

त्या शिक्क्याच्या तारखेला किंमत आहे. २६ एप्रिल २०२४ पासून नियम असा की तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तक्रारदाराला मिळतात. बँकेनं २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नसेल तर ते बँकेनं द्यायचे, बँकेनं वेळेत पाठवूनही पुढं काम अडलं तर सिबिलसारख्या कंपनीनं. तारखेचा पुरावाच नसेल तर मोजणार कुठून?

म्हणून दोन्हींपैकी एकच कर असं मी कुणाला सांगत नाही. एकाच दिवशी दोन्ही करा, सकाळी शाखेत आणि दुपारी ऑनलाइन. पण एकाच कामाला वेळ असेल तर माफी-भरण्याच्या भांडणात शाखा आणि ओळख चुकल्याच्या भांडणात ऑनलाइन.

आणि सिबिल म्हणजे चारांतली एक कंपनी. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या बाकीच्या तिघी. बँकांना चारही ठिकाणी माहिती द्यावी लागते, त्यामुळे चूकही चार ठिकाणी असू शकते. बचत गट आणि मायक्रोफायनान्सच्या कर्जाचं प्रकरण असेल तर क्रिफचा रिपोर्ट आधी काढा असं मी बायांना सांगतो.

तीस दिवस गेले आणि उत्तर आलं नाही, किंवा आलं ते उडवाउडवीचं, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. फी नाही, पोर्टलवर किंवा टपालानं तक्रार करता येते, १४४४८ वर मराठीत विचारता येतं. वकिलामार्फत तक्रार करता येत नाही, पण बापासाठी मुलगा प्रतिनिधी म्हणून करू शकतो. आधी बँकेला लेखी कळवलेलं नसेल तर तक्रार तिथंच परत येते. इथंही तो शिक्काच लागतो. लोकपाल ‘कर्ज द्या’ किंवा ‘एवढ्यात तडजोड करा’ असं बँकेला सांगत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करून घ्यायला मात्र ही वाट मला ग्राहक आयोगापेक्षा बरी वाटते. ग्राहक आयोग जिल्ह्याला आहे, दोन वर्षांच्या आत जाता येतं, पण तारखांचे हेलपाटे पडतात. मोठं नुकसान झालं असेल आणि भरपाईच हवी असेल तरच तिकडं.

जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या खातेदारांना पूर्वी ही लोकपालाची वाट नव्हती, १ नोव्हेंबर २०२५ पासून आहे. पण गावातल्या सेवा सहकारी सोसायटीविरुद्ध थेट तिथं जाता येत नाही, तिच्यासाठी तालुक्याचे सहायक निबंधक. आणि ज्यांचं नाव माफीच्या यादीत होतं पण रक्कम खात्यात आलीच नाही, त्यांचं भांडण मुळात सिबिलशी नाहीच. २०१७ ची योजना असो की २०१९ ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना, आधी सहकार खात्याकडून ती रक्कम का अडली ते लेखी घ्या. बाकी राहिलेली असताना सिबिलकडे तक्रार केली तर उत्तर ठरलेलं आहे.

उरली तडजोड, म्हणजे ओटीएस. बाकी खरी असेल तर हाच विषय येतो, आणि इथं घाई नडते. एकरकमी तडजोडीत बँक काही रक्कम सोडते, पण रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असं येतं. पूर्ण भरलं तर ‘क्लोज्ड’. पुढचा बँकवाला ‘सेटल्ड’ वाचतो ते ‘यानं पूर्ण दिलं नाही’ असं. लोकअदालतीत फी नाही आणि तिचा निवाडा अंतिम असतो, पण रक्कम सोडून मिटलं की नोंद बहुधा तीच येते. म्हणून हिशेब असा करतो: येत्या दोन-तीन वर्षांत गाडीला, घराला कर्ज लागणार असेल आणि फरक १०-१५ हजारांचा असेल, तर सोनं गहाण ठेवूनही पूर्ण भरा. व्याजच मुदलाच्या दुप्पट झालं असेल आणि पुढं कर्ज घ्यायचंच नसेल, तर तडजोड करा आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरवा. बेबाकी दाखला (बाकी उरली नाही असं बँकेचं पत्र) तलाठ्याकडे नेऊन फेरफार होईपर्यंत काम संपलं असं समजू नका.

वसुली मेळाव्यात ‘काकाजी, सध्या हजारच भरा, फाइल चालू राहील’ असं कुणी म्हणालं तर थांबा. कर्जाच्या वसुलीचा दावा लावायला मुदत कायद्यात साधारण तीन वर्षं आहेत, जमीन गहाण असेल तर बारा. मुदत संपण्याआधी थोडे पैसे भरून तशी सही दिली किंवा ‘बाकी मान्य’ असा कागद सही केला, की मुदत तिथून नव्यानं सुरू. मुदत गेली म्हणून नोंद पुसली जात नाही हेही खरं. पण भरायचंच असेल तर पूर्ण सौदा लेखी हातात आल्यावर भरा. आणि चुकीच्या बाकीवर तर एक रुपयाही नको, कारण भरलेला रुपया म्हणजे बाकी तुम्ही मानली.

बसस्टँडवर ‘सिबिल दुरुस्त करून मिळेल’ अशी पत्रकं चिकटवलेली असतात, पाच हजार, आठ हजार. ती माणसं वर सांगितलेला तोच ऑनलाइन फॉर्म भरतात आणि तुमचा ओटीपी घेतात.

पीककर्जापुरतं आणखी एक. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी बँकांना सांगितलं की पीककर्जाला सिबिल मागू नका. शाखेत हे बोलून दाखवायला हरकत नाही. पण त्याच बँकेच्या संगणकात तुम्ही थकबाकीदार असाल तर त्या वाक्यानं काम होत नाही, हे काकाजींच्या वेळी पाहिलं.

त्यांची नोंद ४७ व्या दिवशी दुरुस्त झाली. तोवर पेरणी उरकली होती, बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर आणलं होतं. वरच्या १७ दिवसांचे १,७०० रुपये मागायला आणखी एक अर्ज लागला, ते आले. सिबिलमध्ये आता खातं बंद दिसतं. क्रिफच्या रिपोर्टमध्ये अजून ५०० रुपये बाकी दाखवतात, कशाचे ते शाखेतही कुणाला सांगता येत नाही. त्याचा अर्ज परवा दिला, शिक्क्याची प्रत लॅमिनेशनवाल्या प्रमाणपत्रासोबत पिशवीत ठेवली आहे.