प्रथमोपचाराचा एक दिवस आणि सातशे रुपयांची पेटी

हातखंब्याच्या अलीकडे मुंबई-गोवा हायवेला माझी चहा-वड्याची टपरी आहे, चौदा वर्षं झाली. समोरच्या वळणावर काही झालं की आधी आम्हीच पोचतो: मी, पंक्चरवाला आणि नाक्यावरचे रिक्षावाले. म्हणून वाडीच्या मंडळाने बाहेरची माणसं बोलावून प्रथमोपचाराचा वर्ग ठेवला, तेव्हा मीही गेले. रविवारी सकाळी अकराला, ऐन धंद्याच्या वेळी! पुढच्या खेपेला दुपारी तीनला ठेवा, एवढं आधीच सांगते.

पहिला दीड तास फुकट. पडद्यावर चित्रं, खाली सगळं इंग्रजी. मागच्या बाकावर एक रिक्षावाला चक्क घोरत होता.

मग शिकवणाऱ्या मॅडमनी लॅपटॉप मिटला आणि सगळ्यांना वळणावर नेलं. खरा वर्ग तिथे झाला. आजवर आम्ही काय करायचो? चौघांनी हातपाय धरून माणूस उचलायचा, रिक्षात कोंबायचा, तोंडात पाणी ओतायचं. मीच कितीजणांना पाजलंय. बेशुद्ध माणसाच्या श्वासनळीत ते पाणी जाऊ शकतं, आणि मानेला मार असेल तर ओढाओढीत तो कायमचा लुळा पडू शकतो, हे ऐकून पोटात गोळा आला. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरायचं, थांबलं का म्हणून सारखं उचलून बघायचं नाही. भिजलं तर त्यावरच दुसरं. आता धुतलेले पंचे मी वेगळ्या डब्यात ठेवते.

पंक्चरवाल्याकडे काम आलं गाडीची चावी बंद करायचं आणि वळणाच्या बरंच आधी रस्त्यावर झाडाचे टाळे, म्हणजे पानांच्या फांद्या, टाकायचं, मागच्या गाड्यांना कळावं म्हणून. नंतर ते उचलायचंही त्यानेच, कारण तसेच राहिलेल्या टाळ्यावरून बाइक घसरलेली आम्ही बघितली आहे.

आमच्या ह्यांचं एकच, "पोलिसांच्या लफड्यात पडू नको गो." तर २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १३४ अ कलम आलंय. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही तेही त्याच्या मर्जीवर. ते कलम मी कागदावर लिहून घेतलं आणि घरी ह्यांच्या हातात दिलं.

हृदय बंद पडलं तर छाती दाबायची, त्याच्या सरावाला बाहुला मात्र एकच, माणसं सत्तावीस. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाचेक सेंटीमीटर खोल. रोज पीठ मळणारे हात माझे, तरी अर्ध्या मिनिटात दम लागला, आणि पाळी संपली. एवढ्यावर मला जमतं असं मी म्हणणार नाही.

प्रथमोपचाराची सातशेची पेटी घेऊ नका. ह्यांच्या जुन्या जीन्सवर तिच्यातली कात्री चालवून पाहिली, नुसती चावत बसली. झाकणात फट आहे. आमच्याकडे पावसात मिठाचं पाणी होतं, तिथे कापूस काय टिकणार? बँडेज, कात्री मेडिकलमधून सुटी घ्या आणि बरणीत ठेवा.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट दोन मिनिटांत सांगून झाली. १०८ ला फोन केला की आम्ही "वडाच्या झाडाजवळ" सांगायचो. हायवेला वडाची झाडं काय कमी आहेत? जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगा म्हणाले. तो मी टपरीच्या फळीवर लाल रंगात मोठा लिहून घेतलाय. परवा एक चाकरमानी चहा पिताना विचारत होता, "मावशी, हा आज लागलेला आकडा का?"